ब्रीफ मध्येच बदला आणि मग मार्क द्या : बडोद्यातल्या डिझाइन शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्यात ग्राफिक डिझाइन आणि अप्लाइड आर्ट शिकवणारे सगळे सर-मॅडम, आणि त्यातही जे अभ्यास मंडळावर बसतात किंवा ज्युरीचे (मुलं काम मांडतात आणि परीक्षक बघतात ती परीक्षा) मार्क फायनल करतात ते.

नमस्कार. यंदाच्या ज्युऱ्या नुकत्याच आटपल्यात, पुढच्या वर्षीचे प्रोजेक्ट अजून ठरायचेत, म्हटलं हीच वेळ आहे लिहायची, नंतर तुम्ही ॲडमिशनमध्ये अडकता आणि मी राखीपासून दिवाळीपर्यंतच्या पॅकिंगमध्ये, मग बोलायचं ते राहूनच जातं दर वर्षी.

दांडिया बाजारच्या बाजूला माझा छोटासा स्टुडिओ आहे. औषधांचे कार्टन, फरसाणाची पाकिटं, लग्नपत्रिका, गरब्याचे पास, गणपती मंडळांच्या पावत्या आणि अहवाल, जे येईल ते आम्ही करतो. तुमच्याकडची मुलं इंटर्नशिपला येतात आणि कधीकधी तुम्ही मला बाहेरची म्हणून ज्युरीवरही बोलावता, त्यामुळे दोन्ही टोकं बघायला मिळतात. कुठल्या कॉलेजचं नाव घेणार नाहीये, उगाच कोणी अंगावर ओढून घेऊ नये, आणि खरं तर थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहे.

मला एकच मागायचंय. प्रोजेक्ट चालू असताना मुलांचं ब्रीफ, म्हणजे काय करून पाहिजे ती क्लायंटची मागणी, मुद्दाम बदला, आणि बदलल्यावर मुलं काय करतात त्याला मार्क द्या. बाकी जे लिहितेय ते सगळं ह्या एका मागणीसाठीच आहे, लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आत्ता काय होतं बघा. सेमिस्टरच्या सुरुवातीला सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय करणार त्याचा आराखडा, द्यायची, गाइडची सही घ्यायची, आणि सही झाली की ती दगडावरची रेघ. मग विद्यार्थी बाजारात जातो, लोकांशी बोलतो, वस्तू हाताळून बघतो, आणि साहजिकच त्याला कळतं की आपण कागदावर लिहिलं तसं काही नाहीये. इथे खरं शिक्षण सुरू व्हायला पाहिजे आणि आपण नेमकं इथेच ते बंद करतो. फरसाणाच्या पॅकेजिंगचा एक प्रोजेक्ट बघितला होता, त्या मुलीने दुकानात उभं राहून बघितलं तर गिऱ्हाईक खोका घरी जाऊन फेकतं आणि माल बरणीत ओततं, मग तिला वाटलं की खोक्यापेक्षा बरणीवर चिकटवायच्या लेबलांचाच सेट करावा, तारीख-नाव-तिखटपणा सगळं त्यावर, दरवेळी नवीन पाकीट आणलं की नवीन लेबल. मस्त कल्पना होती! गाइड म्हणाले सिनॉप्सिसमध्ये बॉक्स लिहिलाय तर बॉक्सच कर. तिने केला, डाय-कट वगैरे एकदम सुंदर, खिडकी, आत सोनेरी, मार्कही चांगले पडले. आणि लेबलांची कल्पना कुठे गेली तर तिच्या मोबाइलच्या फोटोंमध्ये. ज्युरीत मी सहज विचारलं म्हणून कळलं, प्रोसेस बुकात, म्हणजे काम कसंकसं घडत गेलं ते दाखवायच्या वहीत, त्याचं एक पानसुद्धा नव्हतं.

आता प्रोसेस बुकाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते, कारण हे आपल्याला सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही. फायनल आधी होतं, थंबनेल, म्हणजे सुरुवातीची छोटी कच्ची चित्रं, नंतर काढतात. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर बसून वीस-पंचवीस रफ एकाच पेनाने, एकाच बैठकीत, त्यातले पंधरा मुद्दाम वाईट काढायचे, मग एकाला लाल गोल करायचा आणि तो गोल केलेला बरोब्बर फायनलसारखा दिसतो, खाडाखोडसुद्धा डिझाइन केलेली असते, एकदा तर पानावर चहाचा गोल डाग पण बघितलाय, तो इतका मधोमध होता की मला हसूच आलं. मुलांना दोष देत नाही मी. आपण त्यांच्याकडून सरळ रस्ता मागतो, आणि काम तर कधीच सरळ रस्त्याने होत नाही, मग ते बिचारे नंतर बसून सरळ रस्ता तयार करतात. चार वर्षं हेच केल्यावर मूल काय शिकतं, तर मत बदलणं ही लपवायची गोष्ट आहे.

आणि मग हीच मुलं आमच्याकडे येतात. हुशार असतात, हात चांगला असतो, मॉकअप (खऱ्या मालासारखे दिसणारे नमुने) तर असे करतात की आम्ही बघत राहावं. पण क्लायंटचा पहिला फोन आला की गडबडतात. दोनच प्रकार दिसतात, एक तर रुसतात, की माझं कॉन्सेप्ट बिघडवलं, नाहीतर क्लायंट बोलेल ते सगळं निमूटपणे करत सुटतात, लोगो मोठा करा म्हटलं की मोठा, लाल म्हटलं की लाल. हे दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण वरून ते लवचीक वाटतं. बदलायचं का नाही हे ठरवता येणं आणि नाही म्हणायचं असेल तर का ते दोन वाक्यात सांगता येणं, हे जमलं पाहिजे, आणि त्याची प्रॅक्टिस कॉलेजात एकदाही होत नाही.

आमच्या धंद्यात बदल कुठून कुठून येतात त्याची साधी उदाहरणं देते, वर्गात वापरता येतील.

खाण्याच्या पाकिटावरचं व्हेज-नॉनव्हेजचं चिन्ह घ्या. चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे व्हेज आणि चौकोनात तपकिरी ठिपका म्हणजे नॉनव्हेज, सगळ्यांना पाठ होतं. एफएसएसएआयच्या (खाण्याच्या मालाचे नियम करणारी सरकारी संस्था) 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत नॉनव्हेजचा ठिपका जाऊन तपकिरी त्रिकोण आला, कारण ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांना दोन्ही ठिपके सारखेच. आता विचार करा, एवढ्याशा चिन्हात केवढा धडा आहे, रंगावर सगळा भार टाकला की काय होतं, आकार वेगळा का लागतो, देशभरातल्या सगळ्या नॉनव्हेज पाकिटांच्या फायली उघडून बदलाव्या लागतात म्हणजे काय. आणि तरीही मागच्या एका ज्युरीत कबाबाच्या मॉकअपवर मला ठिपकाच दिसला, इंटरनेटवरून उचललेला. कोणी विचारलं पण नाही.

किंवा औषधं. बडोद्यात फार्मा किती आहे ते वेगळं सांगायला नको, अलेंबिक 1907 पासून आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून ठरवून दिलेल्या 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बारकोड छापणं सक्तीचं झालं. कार्टनवर जागा तेवढीच, कंपोझिशन, वॉर्निंग, लाल उभी पट्टी, एमआरपी, बॅच नंबरची मोकळी जागा, सगळं आधीच खचाखच, त्यात आता एक चौकोन बसवा आणि तो स्कॅनही झाला पाहिजे, म्हणजे त्याच्या भोवती पांढरी जागा सोडा, चकचकीत फॉइलवर छापू नका. ज्याने सुरुवातीचा लेआउट घट्ट विणून टाकलाय त्याचं सगळं उसवतं, आणि ज्याने विचार करून ग्रिड लावलाय त्याचं अर्ध्या दिवसात होतं. कोणाचं काम चांगलं होतं हे त्या दिवशी कळतं. तोपर्यंत दोन्ही कार्टन भिंतीवर सारखीच छान दिसत होती!

म्हणून म्हणते की ज्युरीच्या भिंतीवर टांगलेलं फायनल बघून अर्धंच कळतं.

तर समजा सहा-सात आठवड्यांचा पॅकेजिंगचा प्रोजेक्ट आहे. तिसऱ्या आठवड्यात वर्गात येऊन सांगा की आता हेच गुजरातीतही पाहिजे. पाचव्या आठवड्यात सांगा की बजेट कापलं, एकच रंग. बाहेरच्या कोरुगेटेड खोक्यावर तर तसंही बहुतेकदा एकाच रंगात छापतात, तिथे तुमचे ग्रेडियंट आणि सावल्या सगळं काळं डबोलं होऊन बसतं, मग लोगो मुळात उभा राहतो का नाही ते दिसतं. मूळ फाइल, तिसऱ्या आठवड्यातली, पाचव्यातली, तिन्ही शेजारी शेजारी लावायला सांगा. काय ठेवलं, काय सोडलं, का. एवढंच बोलायला लावा. प्रोसेस बुक खोटं लिहायची गरजच उरणार नाही, कारण बदल तुम्ही स्वतःच केलाय, तो लपवणार कुठे.

गुजरातीचं मुद्दाम म्हटलं. आपण अशा गावात राहतो जिथे स्टेशनच्या पाटीवर तीन लिप्या आहेत, घरी मराठी, बाजारात गुजराती, कॉलेजात इंग्रजी, आणि तरी टायपोग्राफीचा पेपर बघावा तर ए बी सी डी. आमच्या मराठी घरांमधल्या लग्नपत्रिका बघितल्यात का तुम्ही कधी नीट? एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, आणि आता तिसरं इंग्रजी, व्हॉट्सॲपसाठी. एक इंटर्न होता, त्याने इंग्रजी बाजू फार छान लावली, कॅपिटल अक्षरं, मध्ये भरपूर हवा, एकदम श्रीमंत दिसत होती. मग तेच ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधली जागा, त्याने गुजरातीला दिलं, ते चालून गेलं कारण गुजरातीला शिरोरेखाच नाही, अक्षरं सुटी झाली तरी डोळ्याला फार खुपत नाही. आणि मग तेच मराठीला. शिरोरेखा तुटली ना सगळी! वधूचं नाव म्हणजे दात पडल्यासारखं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळं झाकण. मला म्हणाला ताई हा फॉन्ट खराब आहे. फॉन्ट बिचारा चांगलाच होता. इंग्रजीत जी श्रीमंती हवा सोडून येते ती देवनागरीत वजनातून, साइजमधून, ओळींमधल्या जागेतून आणावी लागते, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना लागू नयेत एवढी जागा तर सोडायलाच हवी. हे त्याला समजावल्यावर त्याने तासाभरात पूर्ण पत्रिका वेगळ्या तऱ्हेने लावली, आणि इंग्रजी बाजूसुद्धा बदलली, आपणहून. म्हणजे जमतं त्यांना. कोणी अडवलं नाही तर जमतं.

आणि फॉन्ट नाहीत ही सबब आता चालत नाही. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मुक्ता देवनागरीत आहे, गुजरातीत तोच मुक्ता वाणी म्हणून आहे, त्यांच्याच बलू फॉन्टचं गुजराती भावंड तर बलू भाई ह्या नावाने मिळतं (हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार), आणि हे सगळं फुकट. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्यांची अक्षरं नीट जोडणारी सेटिंग) चालू करायचा असतो एवढं तरी पहिल्या वर्षी सांगा हो, अजूनही मुलं येतात आणि जोडाक्षरं फुटली की स्क्रीनशॉट काढून इमेज लावतात.

आता सॉफ्टवेअर. इथे तुमच्यातले काही जण म्हणतील की आम्ही दर वर्षी नवीन सॉफ्टवेअर घेतो, आम्ही अपडेटेड आहोत. पण मी म्हणतेय ते हे नाही. मी काम सुरू केलं तेव्हा पेजमेकर म्हणजे जग होतं, त्याचं शेवटचं व्हर्जन 2001 मध्ये आलं. ॲनिमेशनचं फ्लॅश कितीतरी संस्थांनी वर्षानुवर्षं शिकवलं, परीक्षा घेतल्या, 31 डिसेंबर 2020 ला अडोबीनेच फ्लॅश प्लेअर बंद केला. आज तुम्ही जे शिकवताय त्याचंही असंच होणार, कधी ते कोणाला सांगता येणार नाही. ज्यांना बटणं शिकवली होती ते अडकले आणि ज्यांना हालचाल म्हणजे काय, वेळ कशी मोजायची, डोळा कुठे जातो हे शिकवलं होतं ते दुसऱ्या कशात तरी तेच करायला लागले. म्हणून एखादं असाइनमेंट तरी असं द्या की पहिला भाग कागद-कात्री-बटर पेपरवर, तोच दुसऱ्यांदा इंकस्केप ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आणि तिसऱ्यांदा कॉलेजच्या लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरमध्ये. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

एआयबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळे आधीच भरपूर बोलतायत. बंदी घालून काही होत नाही, चोरून वापरतात. आणि नुसतं उघडं सोडलं तरी होत नाही. ज्याने जे वापरलं ते सांगावं, त्याच्याकडून काय मिळालं आणि त्यातलं काय फेकलं ते दाखवावं, बास. फेकलेलं बघितलं की डोकं कोणाचं चाललंय ते लगेच कळतं.

हे सगळं काही बाहेरून आणलेलं फॅड नाहीये, बडोद्याला तर हे नवीन नाहीच. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 साली त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन उभं केलं, तिथे ड्रॉइंग आणि रंगाई आणि यंत्रकाम एकाच संस्थेत. दादासाहेब फाळके जे. जे. मधून इथे आले, चित्रकला, मॉडेलिंग, फोटोग्राफी करत बसले, पुढे ब्लॉक बनवणं आणि लिथोग्राफी शिकले, लोणावळ्याला रविवर्मांच्या प्रेससाठी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, आणि 1913 मध्ये राजा हरिश्चंद्र. इथे शिकायला आले तेव्हा सिनेमा जगातच नव्हता! त्यांच्याकडून कोणी पहिल्या महिन्यात सिनॉप्सिस घेऊन सही केली असती तर? (असो, हे जरा जास्तच झालं, पण मुद्दा कळला असेल.) इथल्या युनिव्हर्सिटीचं फाइन आर्ट्स 1950 ला सुरू झालं, तिथल्या के. जी. सुब्रमण्यन सरांचंच घ्या, मुळात चित्रकार, पण मध्ये हॅण्डलूम बोर्डात डिझाइनचं काम करून आले, फाइन आर्ट्स फेअरसाठी लाकडाची खेळणी केली, म्युरल केली, लहान मुलांची पुस्तकं केली, कुठेही कमीपणा मानला नाही. आणि तिकडे मुंबईत आपले र. कृ. जोशी, जाहिरात एजन्सीतून आयआयटीत, बोरूने अक्षरं काढणारा माणूस, आणि विंडोजमधला मंगल फॉन्टही त्यांचाच. ह्या लोकांचं नाव आपण दर भाषणात घेतो. त्यांनी जे केलं ते करायची परवानगी मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलाला देत नाही.

आता तुमच्या बाजूचं. मला माहितीये वर्गात मुलं खूप असतात, गाइड एकाच वेळी कितीजणांचं बघतो, आणि युनिव्हर्सिटीला फॉर्मॅट लागतो, बाहेरच्या परीक्षकाला काहीतरी ठरलेलं पाहिजे. म्हणून मी सिनॉप्सिस बंद करा म्हणत नाहीये. फक्त त्यात एक बदलाचं पान ठेवा, मध्येच भरायचं, गाइडची दुसरी सही त्यावर. शंभरातले तीसेक मार्क त्या पानाला आणि त्यानंतरच्या कामाला. सुरुवातीला गोंधळ होईल, काही मुलं काम टाळायला बदलाचं निमित्त करतील, ते तर आत्ताही करतातच. एक मॅडम मला म्हणाल्या की फाउंडेशन कच्चं असताना हे सगळं कशाला, आधी हात बसू दे. त्यांचं पटतं मला बरंचसं. ज्याला ड्रॉइंग येत नाही आणि ज्याने अक्षर कधी हाताने काढलेलं नाही त्याला बदलायला सांगून उपयोग नाही, बदलणार काय तो. पहिलं वर्ष तसंच राहू द्या, उलट अजून कडक करा. मी दुसऱ्या वर्षापासूनचं बोलतेय.

आणि एक जरा टोचणारं, रागावू नका. मोकळं मन मुलांकडून मागायचं तर आपलंही बघायला हवं. ज्युरीत मी बघते, मांडवीच्या बाजारातल्या पत्रिकेच्या दुकानासारखं, किंवा गरब्याच्या होर्डिंगसारखं भरगच्च काही कोणी केलं की आपली नाकं लगेच मुरडतात, आणि पांढरं, रिकामं, एका कोपऱ्यात बारीक इंग्रजी असलं की मान डोलते. का हो? पांढरी जागा चांगलीच असते, पण भरगच्च मांडणीलाही शिस्त असते, त्यात कुठे काय आधी वाचलं जातं हे त्या दुकानदाराला नीट माहिती असतं, कारण त्याचं गिऱ्हाईक दहा मिनिटांत पत्रिका पसंत करून जातं. एखाद्या विद्यार्थ्याने ते समजून केलं असेल तर त्याला विचारा तरी, की हे तू असं का केलंस. "बाजारू आहे" हे उत्तर नाही, हा शेरा आहे. तो शेरा ऐकून एक मुलगा पुढच्या राउंडला सगळं पुसून पांढरं करून आला होता, आणि कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

आता माझ्याकडून काय होईल ते सांगते, नुसती पत्रं लिहून काय उपयोग. तुमच्यापैकी कोणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एका प्रोजेक्टवर हे करून बघणार असेल तर मध्येच बदल घेऊन येणारा क्लायंट व्हायला मी तयार आहे, फी नको. आमच्याकडे आधी आलेले खरे बदल आहेत, नावं काढून देईन. आणि प्लेट लागतात त्या दिवशी मुलांना प्रेसवर पाठवा, आठ-दहाच्या वर नको, मशीनजवळ जागा नसते. सहा पॉइंटचं काळं अक्षर चारही रंगांत सेट केलं की रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, हललं तर कसं भुतासारखं दिसतं हे शीटवर एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाहीत. येताना स्वतःची एक फाइल पेनड्राइव्हवर आणायला सांगा, पीडीएफ, ब्लीडसकट (कापायच्या रेषेबाहेर सोडलेली जादा छपाई), आणि फॉन्ट एम्बेड केलेले. तिथेच उघडू आणि तिथेच बदलायला लावू. फक्त नवरात्रीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून.

तुमची,
दांडिया बाजारातली एक डिझाइनर